दोष हवेत की तारेत?

रिमोटवर चालणारी विजेची गाडी बिघडली की पहिला संशय रिमोटवर घेतला जातो. "काका, रेंजच नाही," "सिग्नल तुटून राहिला," "गाडी मधातच झटके मारून राहिली," असं म्हणत वाशिम, रिसोड, मंगरुळपीरकडची मुलं दुरुस्तीच्या दुकानात गाडी ठेवतात आणि घरी नवा रिमोट मागवायची बोलणी सुरू होतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. आजच्या गाडीत सिग्नल तुटल्यासारखा वाटतो तेव्हा हवेतली लहर बहुतेक वेळा शाबूत असते. ती लहर ऐकणाऱ्या रिसीव्हरचा वीजपुरवठा क्षणभर तुटलेला असतो. म्हणून शोध बॅटरीपासून सुरू करावा आणि अँटेनापर्यंत शेवटी जावं.

हवेवर संशय घेण्याची सवय जुनी आहे आणि एके काळी ती रास्तही होती. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात तारेविना दुरून घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी बोट बिनतारी फिरवली. लहर पाठवून दूरची वस्तू हलवायची, हे तत्त्व तेव्हाच सिद्ध झालं. अडचण पुढे आली, ती एकाच वेळी अनेकांना बोलायचं असल्यामुळे. हौशी लोकांच्या जुन्या गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. त्या पट्ट्यात सहा वाहिन्या होत्या आणि तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशा रंगांनी त्या ओळखल्या जात. रिमोटमध्ये आणि गाडीत त्या त्या रंगाचं क्रिस्टल बसवायचं. दोघांकडे पिवळं क्रिस्टल असलं तर एकाला थांबावं लागे, नाहीतर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी भिंतीवर आदळे.

जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त गाड्यांचा मोठा भाग अजूनही त्याच काळात आहे. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत किंवा दुसऱ्या कुठल्याही जत्रेत एकाच दुकानातून दोन सारख्या गाड्या घेतल्या आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवल्या, तर त्या एकमेकींच्या रिमोटला दाद देऊ शकतात. यातल्या अनेक खेळण्यांत टीएक्स-२ आणि आरएक्स-२ या जोडीची किंवा तिच्या भावंडांची चिप असते. रिमोट ठरावीक संख्येचे ठोके पाठवतो. अमुक ठोके म्हणजे पुढे, तमुक म्हणजे डावीकडे. त्या ठोक्यांत "हा माझाच रिमोट" अशी ओळख नसते. अशा गाडीत हवेतला गोंधळ खरा असतो आणि त्यावर उपायही एकच: दुसरी गाडी वेगळ्या फ्रिक्वेन्सीची घ्यायची. एक २७ ची असेल तर दुसरी ४९ ची. डब्यावर आकडा छापलेला असतो, पैसे देण्याआधी तो वाचावा.

हौशी गाड्यांचा प्रश्न मात्र २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी जवळजवळ सोडवला. भारत सरकारने २००५ मध्ये हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. या संचात रिमोट आणि रिसीव्हर यांची आधी जोडी जुळवली जाते. त्याला बाइंडिंग म्हणतात. रिमोट आपला ओळखक्रमांक देतो आणि रिसीव्हर तेवढ्याच क्रमांकाचं ऐकतो. शिवाय बऱ्याच संचांत लहर एका जागी राहत नाही, ठरलेल्या क्रमाने या वाहिनीवरून त्या वाहिनीवर उड्या मारते. एखादी वाहिनी शेजारच्या वाय-फायने अडवली असली तरी पुढच्या क्षणी निरोप दुसरीकडून पोचतो. उड्या मारणाऱ्या लहरीचं एक पेटंट १९४२ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं. पाणतीराचं बिनतारी नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. चित्रपटातली नटी आणि पियानोचा जाणकार यांनी मिळून हे सुचवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग इतका पक्का निरोप असूनही गाडी झटके का मारते?

याचं उत्तर वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला पाठ आहे, फक्त खेळण्याच्या गाडीत ते शोधावं हे सुचत नाही. डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या खांबावर ज्याची विहीर आहे त्याला विचारा. रब्बीत लाइट आली आणि हरभऱ्याला पाणी द्यायला सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की त्याच्याकडे व्होल्टेज डाउन होतं. मोटार नुसती हुंकारते, स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल सोडून देते आणि पंप बंद. डीपीवर व्होल्टेज बरं असतं, पण लांब तारेतून जास्त करंट वाहिला की वाटेतच व्होल्टेज खर्च होतं. किती खर्च होतं? करंट गुणिले तारेचा रोध. ओहमचा हा नियम पंपाला आणि तळहाताएवढ्या गाडीला सारखाच लागू आहे. मोटार थांबलेल्या अवस्थेतून सुटताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते, हेही दोन्हीकडे खरं आहे.

आता गाडीतला हिशेब मांडू. दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरीवर ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं. समजा बॅटरी जुनी आहे आणि तिचा आतला रोध ६० मिलिओहम झाला आहे. तारा आणि कनेक्टर मिळून आणखी २० मिलिओहम. थ्रॉटल एकदम दाबला आणि मोटारने क्षणभर ५० अँपिअर ओढले, तर ५० गुणिले ०.०८, म्हणजे ४ व्होल्ट वाटेतच गेले. उरले ३.४. रिसीव्हरला लागणारे ५ व्होल्ट याच बॅटरीतून काढले जातात. ते आता कुठून येणार? रिसीव्हर विझतो. मोटार थांबते, थांबल्यामुळे व्होल्टेज परत चढतं, रिसीव्हर पुन्हा जागा होतो, रिमोटशी पुन्हा सूत जुळवतो आणि गाडी चालू लागते. मैदानावर उभ्या माणसाला एवढंच दिसतं की गाडी सेकंदभर मेली आणि मग आपोआप उठली. बॅटरी चांगली असती, सगळा रोध मिळून २० मिलिओहम असता, तर त्याच धक्क्यात एकच व्होल्ट गेला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं.

इथे जुन्या आणि नव्या संचात एक फरक आहे. २७ मेगाहर्ट्झचा जुना रिसीव्हर व्होल्टेज घसरलं तर चाक जरासं थरथरवी आणि पुढे चालू राही. २.४ चा रिसीव्हर म्हणजे छोटा संगणक असतो. व्होल्टेज साधारण साडेतीनच्या खाली गेलं की अनेक रिसीव्हर रीसेट होतात आणि पुन्हा जोडणी व्हायला वेळ घेतात. म्हणजे नवा संच हवेच्या बाबतीत जास्त भरवशाचा आणि विजेच्या बाबतीत जास्त हळवा झाला. जुना रिमोट काढून २.४ चा बसवला आणि त्रास वाढला, अशी तक्रार येते ती यामुळे. अशा वेळी नव्या रिमोटला दोष देऊ नये.

लक्षणं नीट पाहिली तर स्क्रू सोडवण्याआधीच अर्धं निदान होतं. थ्रॉटल दाबताच सगळंच मेलं, स्टिअरिंगसुद्धा, आणि क्षणभराने उठलं, तर रिसीव्हरचा पुरवठा पडला असं समजावं. मोटार अडखळते पण स्टिअरिंग शाबूत आहे, तर रिसीव्हर जागा आहे. तिथे स्पीड कंट्रोलरने, म्हणजे ईएससीने, बॅटरी वाचवण्यासाठी मोटारीची वीज कापली असण्याची शक्यता मोठी. मोटार बंद असतानाही चाकं थरथरत असतील तर ती वळवणाऱ्या छोट्या मोटारीकडे, म्हणजे सर्व्होकडे, जावं. गाडी जवळ असताना उत्तम चालते, दूर गेल्यावरच तुटते आणि तेही थ्रॉटल हळू असताना, तेव्हा कुठे अँटेनाचं आणि रिमोटच्या सेलचं नाव घ्यावं.

पुरवठ्याचा संशय पक्का करायची एक परीक्षा आहे आणि ती मी सगळ्यांत वर ठेवतो. ईएससीकडून रिसीव्हरकडे तीन तारांची वेणी येते: लाल, काळी आणि निरोपाची पांढरी किंवा नारिंगी. त्या प्लगमधून फक्त लाल तार बाहेर काढायची आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळायची. मग चार रिचार्जेबल सेलचा ४.८ व्होल्टचा वेगळा डबा रिसीव्हरच्या बॅटरीच्या जागी लावायचा. आता मोटारीने काहीही ओढलं तरी रिसीव्हरच्या ताटातलं कुणी उचलू शकत नाही. गाडी पूर्वीसारखीच पळवून पाहायची. झटके गायब झाले तर दोष तारेत, नाही झाले तर पुढे शोधायचं. या परीक्षेला मल्टिमीटरही लागत नाही.

दोष तारेत ठरला की तो नेमका कुठे आहे हे हाताला कळतं. जिथे व्होल्टेज खर्च होतं तिथे उष्णता होते. दोन मिनिटं जोरात चालवा, बॅटरी काढा आणि प्रत्येक जोड बोटांनी चाचपा. पांढऱ्या प्लॅस्टिकचा जुना तामिया पद्धतीचा कनेक्टर बहुतेक वेळा सापडतो. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ची रिमोट गाडी आणली. तेव्हाच्या सौम्य मोटारींना तो कनेक्टर पुरेसा होता. आजच्या मोटारी जे ओढतात ते त्याला झेपत नाही. आतल्या पितळी नळ्या सैल पडतात, काळवंडतात, प्लॅस्टिक पिवळं पडून वितळू लागतं. तो कापून एक्सटी-६० लावावा. सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं हवं. थंड आयर्नने नुसती चिकटवलेली सोल्डर वरून ठीक दिसली तरी आत जोड कच्चाच असतो. बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी उघड्या करू नका, शॉर्ट झालेली लायपो क्षणात आग धरते.

मल्टिमीटर असेल तर आणखी पुढे जाता येतं. नुसत्या उभ्या गाडीत बॅटरी मोजून काही कळत नाही. बिनलोडाची मरतुकडी बॅटरीही भरलेल्या बॅटरीचा आकडा दाखवते. लोडवर मोजावं. गाडीचं नाक भिंतीला टेकवून, चाकं फरशीवर घसरू देत, दोन-तीन सेकंद थ्रॉटल द्यावा आणि मीटरच्या काड्या एकाच जोडाच्या अलीकडे-पलीकडे धराव्यात. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य दिसतं. २० अँपिअर वाहत असताना ०.२ व्होल्ट दिसले तर त्या एका जोडात ४ वॅट उष्णता होते आहे, आणि गुन्हेगार सापडला आहे.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या गाड्यांनाही हेच लागू पडतं. अर्धवट वापरलेल्या स्वस्त झिंक-कार्बन सेलचा आतला रोध एका ओहमच्या घरात जातो. असे चार सेल आणि मोटारीचा एक अँपिअर, म्हणजे ६ पैकी ४ व्होल्ट सेलच्या पोटातच संपले. निकेल-मेटल-हायड्राइडचे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचेच असतात, चार मिळून ४.८, म्हणून लोक त्यांना कमी समजतात. पण त्यांचा रोध फार थोडा असल्यामुळे लोडवर ते नव्या स्वस्त सेलपेक्षा सरस ठरतात. पोराच्या गाडीवर एकदाच खर्च करायचा असेल तर तो चार चांगल्या रिचार्जेबल सेलवर करावा.

रिसीव्हरचे ५ किंवा ६ व्होल्ट तयार करणारा भाग ईएससीच्या आतच असतो. त्याला बीईसी म्हणतात. स्वस्त बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवून काम भागवतो. भरलेल्या दोन सेलच्या बॅटरीचे ८.४ व्होल्ट ५ वर आणायचे आणि सर्व्हो २ अँपिअर ओढतो आहे, तर जवळजवळ ७ वॅट त्या नखाएवढ्या भागात तापणार. थोड्या वेळाने तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. घरातल्या कुणी हौसेने जास्त ताकदीचा सर्व्हो बसवला आणि चाक दगडात अडकलं की गाडी मरू लागली, तर कारण इथे आहे. वेगळा स्विचिंग बीईसी लावणं हा कायमचा उपाय. लावताना ईएससीची ती लाल तार मोकळीच ठेवायची. क्षणिक धक्क्यांसाठी रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत ३३०० ते ४७०० मायक्रोफॅरडचा, १० किंवा १६ व्होल्टचा कपॅसिटर लावतात. तो धक्क्याच्या क्षणी साठवलेली वीज देतो. त्याची उणे बाजू पट्टीने दाखवलेली असते. ती उलटी लागली तर कपॅसिटर फुटतो. पण मेलेल्या बॅटरीला कपॅसिटर जिवंत करू शकत नाही, एवढं लक्षात असावं.

आता मोटारीकडे. साध्या मोटारीत कार्बन असतात आणि ते कॉम्युटेटरवर घासताना ठिणग्या पडतात. बिनतारी संदेशाच्या आरंभकाळातले प्रेषक ठिणगीवरच चालत, तेव्हा प्रत्येक ठिणगी सर्व दिशांना रेडिओचा गलबला पाठवते यात नवल नाही. तो दाबण्यासाठी मोटारीला तीन छोटे सिरॅमिक कपॅसिटर लावतात. त्यांच्यावर १०४ हा आकडा असतो, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. एक दोन टोकांच्या मध्ये आणि उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटारीच्या पत्र्याला. पत्रा आधी कानशीने घासून चकचकीत केला नाही तर सोल्डर धरत नाही. जुन्या गाडीत यातला एखादा कपॅसिटर तुटून लोंबकळत असतो आणि कुणाचं लक्ष नसतं. ब्रशलेस मोटारीत कार्बनच नसल्यामुळे ही भानगड उरत नाही.

आपल्या काळ्या मातीचा संबंध इथे येतो. ही माती बेसॉल्ट खडकाची. त्या खडकात चुंबकाला चिकटणारी लोहयुक्त खनिजं असतात. शाळेतली मुलं चुंबक मातीतून फिरवून काळी पूड गोळा करतात, ती हीच. मोटारीच्या पोटात तर कायमचे चुंबक बसलेले. शेताच्या बांधावर आणि धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची मोटार ही पूड आत ओढून धरते. ती कॉम्युटेटरच्या फटींत जाते, कार्बन लवकर झिजवते, ठिणग्या वाढवते. पावसाळ्यात तीच माती चाकांना गोळे होऊन चिकटते आणि मोटारीवरचा लोड वाढवते. म्हणून इथल्या गाडीची मोटार शहरातल्या गुळगुळीत मैदानावरच्या गाडीपेक्षा जास्त वेळा उघडून ब्रशने साफ करावी लागते. मोटारीच्या दांड्यावरचा पिनियन गियरही एका-दोन दात्यांनी लहान ठेवावा. वेग थोडा कमी होतो, पण करंट बराच उतरतो. सर्व्होच्या आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ गेली की चाकं उगाच थरथरतात. तिथे स्वस्त सर्व्हो दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदललेला बरा.

अँटेनाबद्दल थोडंच सांगायचं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा सुमारे ३१ मिलिमीटर. रिसीव्हरच्या तारेचं तेवढंच उघडं टोक काम करतं. ते कापू नये, मुडपू नये, बॅटरी आणि मोटारीच्या तारांपासून दूर उभं ठेवावं. २७ मेगाहर्ट्झच्या गाडीत मात्र पूर्ण तार म्हणजेच अँटेना. ती लांब वाटली म्हणून कापली की रेंज गेलीच.

लायपोची आतली अवस्था ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबरच्या सकाळी थंड बॅटरीचा रोध वाढलेला असतो, म्हणून कालपर्यंत नीट चाललेली गाडी पहाटेच्या थंडीत झटके मारते आणि दहा वाजता पुन्हा शहाणी होते. उन्हाळ्याचा धोका गंभीर आहे. शेजारच्या अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या बंद चारचाकीत लायपो ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. फुगलेली बॅटरी वापरू नये. चार्जिंग बॅलन्सच्या तारेसह, फरशीवर, कुणीतरी समोर असताना करावं. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो. महिनाभर गाडी कपाटात जाणार असेल तर ३.८ च्या आसपास ठेवावा. ईएससीमध्ये लायपोची सेटिंग लावली आहे का ते पाहावं. निकेलच्या सेटिंगवर लायपो चालवली तर तिचा प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली खोल उपसला जातो आणि तिचा रोध कायमचा वाढतो. मग झटक्यांची गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

सोयाबीनवर फवारणी करणारे ड्रोन आता या जिल्ह्यातल्या शिवारांवर दिसतात. त्यांच्यातही ईएससी, लायपो, बिनतारी रिसीव्हर हेच घटक आहेत. अनेक ड्रोनांत १२ सेलची, म्हणजे ४४ व्होल्टच्या वरची बॅटरी असते. तिथे सैल कनेक्टर म्हणजे पिकात पडलेलं यंत्र आणि सांडलेलं औषध. गाडीवर हात बसलेल्या मुलाला त्या यंत्राची बॅटरी बदलताना कनेक्टर तापला आहे का हे बघायला कुणी सांगावं लागणार नाही.

दुरुस्ती झाली की मैदानावर जाण्याआधी एक काम उरतं. सिग्नल खरोखरच तुटला तर गाडीने काय करावं, हे रिसीव्हरला आधीच सांगून ठेवता येतं. त्याला फेल-सेफ म्हणतात. गाडी विटेवर ठेवून चाकं अधांतरी करा. आधी रिमोट, मग गाडी चालू करा, थोडा थ्रॉटल द्या आणि चाकं फिरत असतानाच रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. फिरतच राहिली तर रिसीव्हरसोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणे थ्रॉटल शून्यावर ठेवून सेटिंग नव्याने करा आणि पुन्हा तपासा. चाकं थांबल्याशिवाय गाडी विटेवरून खाली उतरवू नका.